विमानात बसताच मेडिक्लेम घरी राहतो
परदेशी मुलांकडे आणि उमऱ्याला जाणाऱ्या निवृत्तांसाठी आरोग्य विम्याचा हिशेब

मुलाने तिकीट पाठवले, व्हिसा आला, बॅगा भरल्या. तिथे गेल्यावर आजारी पडलो तर बिल कोण भरणार, हा प्रश्न मात्र फार थोड्या घरांत विचारला जातो. विचारला तरी उत्तर ठरलेले असते. "मुलगा आहे ना!" मुलगा आहे हे खरे. पण त्याचा पगारही ठरलेला आहे, आणि परदेशातील इस्पितळाचे बिल त्याच्या पगाराकडे पाहून तयार होत नाही.

शहापूर, मुरबाड, पडघा, भिवंडी, कल्याण या पट्ट्यातील कोकणी मुसलमान कुटुंबांत आखाती देशांची वाट जुनी आहे. पूर्वी मुलगा दोन वर्षांनी सुट्टीवर यायचा. आता तोच आई-वडिलांना दोन-तीन महिन्यांसाठी बोलावून घेतो. म्हणजे परदेश प्रवास करणारा माणूस आज पंचविशीतला राहिला नाही, तो साठी-सत्तरीतला झाला आहे. विम्याच्या दृष्टीने हा फरक फार मोठा आहे.

कसारा मार्गावरील खर्डीचे उदाहरण घेऊ. या भागात निवृत्त माणूस म्हणजे बहुधा रेल्वेचा, मुंबई महापालिकेच्या पाणीखात्याचा, जिल्हा परिषदेच्या शाळेचा किंवा एसटीचा. त्याला दरमहा ठरावीक निवृत्तिवेतन मिळते. ग्रॅच्युइटी घराच्या कामात आणि मुलांच्या लग्नांत गेलेली असते. आणि घरच्या कपाटात आजारपणासाठी दोन-तीन कार्डे असतात. या कार्डांच्या भरवशावर तो निश्चिंत असतो. त्यांपैकी परदेशात कोणते चालते आणि कोणते नाही, हे आम्ही येथे एकेक करून मांडत आहोत.

कपाटातील कार्डे

रेल्वेच्या निवृत्तांसाठी वैद्यकीय सोयीची योजना आहे आणि तिचे 'उमीद' कार्ड आता बहुतेकांकडे असते. त्यावर कल्याणच्या रेल्वे रुग्णालयात, भायखळ्याच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर रुग्णालयात आणि रेल्वेने ठरवलेल्या खाजगी इस्पितळांत उपचार होतात. सोय चांगली आहे, पण ती देशातील आहे. दुबईच्या इस्पितळात हे कार्ड दाखवून उपयोग नाही.

दुसरे कार्ड आयुष्मान भारतचे. २३ सप्टेंबर २०१८ ला ही योजना सुरू झाली आणि २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येक नागरिकाला, उत्पन्नाची अट न ठेवता, त्यात घेण्यात आले. वर्षाला कुटुंबामागे ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार त्यात होतात. महाराष्ट्राची महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनाही अशीच. या दोन्ही योजना त्यांच्या यादीतील इस्पितळांपुरत्या आहेत. त्या यादीत जेद्दा किंवा दोहा नाही.

तिसरा कागद मेडिक्लेमचा. सरकारी विमा कंपन्यांनी १९८६ मध्ये मेडिक्लेम आणला आणि पुढे हा शब्दच आरोग्य विम्यासाठी रूढ झाला. नेहमीच्या मेडिक्लेममध्ये भारतातील उपचारांचा खर्च मिळतो. अलीकडे काही महागड्या पॉलिसींत परदेशातील उपचारही येऊ लागले आहेत, पण ते पॉलिसीत स्पष्ट लिहिलेले असावे लागते. लिहिलेले नसेल तर नाही, असेच समजावे. वीस वर्षे न चुकता हप्ता भरला असला तरी विमान उडाले की हा मेडिक्लेम घरीच राहतो.

आपणच मागासलेले म्हणून असे होते, असे मात्र कोणी समजू नये. अमेरिकेत वृद्धांसाठी १९६५ च्या कायद्याने आलेली 'मेडिकेअर' योजनाही सर्वसाधारणपणे देशाबाहेरच्या उपचारांचे पैसे देत नाही. ब्रिटनमध्ये आयुष्य घालवून निवृत्त झालेले आपले नातेवाईक हिवाळ्यात गावी येतात, त्यांच्यामागे तिथली सरकारी आरोग्यसेवा भारतात येत नाही. तेव्हा खर्डीहून लंडनला जाणारा आणि लंडनहून खर्डीला येणारा, दोघांनाही प्रवासापुरता वेगळा विमा लागतो.

व्हिसासोबत आलेला विमा

"आमच्या व्हिसातच विमा आहे," असे उमऱ्याला जाणारे सांगतात. ते बरोबर आहे. सौदी अरेबियाने २०२० पासून उमऱ्याच्या व्हिसाला विमा जोडला आहे. त्याची कमाल मर्यादा १ लाख रियाल ठेवण्यात आली. रियालचा भाव डॉलरला ३.७५ असा १९८६ पासून बांधलेला आहे. म्हणजे ही रक्कम सुमारे २६ हजार ६६७ डॉलर होते. हिशेबासाठी डॉलर ८५ रुपये धरला तर साडेबावीस लाखांच्या थोडे वर.

आकडा ऐकायला मोठा आहे. त्याच्या अटी मात्र नीट समजून घ्याव्यात. पहिली अट अशी की हा विमा तातडीच्या प्रसंगासाठी आहे. अपघात झाला, अचानक छातीत दुखू लागले, शुद्ध हरपली, तर त्याचा उपयोग. गुडघेदुखी दाखवायची आहे, साखर तपासून औषध बदलून घ्यायचे आहे, यासाठी तो नाही. दुसरी अट हद्दीची. हा विमा सौदीच्या हद्दीत चालतो. उमरा करून परतताना दहा दिवस मुलाकडे शारजाला थांबलात, तर त्या दहा दिवसांना त्याचे छत्र नाही.

येथे हज आणि उमरा यांतील फरकही ध्यानात ठेवला पाहिजे. हजच्या दिवसांत भारत सरकार आपले डॉक्टर आणि परिचारिका मक्का-मदिनेला पाठवते, दवाखाने उघडते आणि भारतीय हाजींना तेथे मोफत उपचार मिळतात. हजला जाऊन आलेला माणूस हा अनुभव गावात सांगतो आणि ऐकणाऱ्याला वाटते, उमऱ्यालाही असेच असेल. ही मोठी व्यवस्था हजसाठी उभी राहते आणि हजबरोबर उठते. उमऱ्याला जाणाऱ्याची भिस्त व्हिसाच्या विम्यावर आणि स्वतःच्या पॉलिसीवर असते.

कतारने १ फेब्रुवारी २०२३ पासून पाहुण्यांना आरोग्य विमा सक्तीचा केला. त्याचा हप्ता महिन्याला ५० कतारी रियाल ठरवला गेला. हप्ता स्वस्त आहे, कारण त्यात तातडीचे उपचार आणि अपघात एवढेच येते. अमिरातीत जाणाऱ्यांनी एक भेद ओळखावा. मुलाने आई-वडिलांना राहण्याचा व्हिसा काढला असेल, तर दुबईत २०१३ च्या कायद्याप्रमाणे त्यांचा आरोग्य विमा काढण्याची जबाबदारी त्यांना आणणाऱ्यावर आहे. भेटीचा व्हिसा असेल तर गोष्ट वेगळी. कधी व्हिसासोबत विमा जोडून दिलेला असतो, कधी नसतो. असला तर त्याची रक्कम किती आणि अटी काय, हे मुलाला विचारून घ्यावे. "मुलाच्या कंपनीचा विमा आहे" या वाक्यावर विसंबू नये. कंपनीचा विमा बहुधा मुलाचा, फार तर त्याच्या बायको-मुलांचा असतो. भेटीला आलेले आई-वडील त्यात येत नाहीत.

नोकरीसाठी जाणाऱ्या कामगारांना भारत सरकारचा 'प्रवासी भारतीय विमा' घ्यावा लागतो. २००३ मध्ये सुरू झालेली ही योजना परवानगी घेऊन जाणाऱ्या कामगारांसाठी आहे. वडिलांच्या आजारपणाशी तिचा संबंध नाही. दोन्ही कागद एकाच फाइलमध्ये राहतात म्हणून अनेकांचा घोटाळा होतो.

तात्पर्य, व्हिसासोबतचा विमा त्या देशाने आपल्या इस्पितळांवर भार पडू नये म्हणून ठेवलेला असतो. तुमच्या प्रकृतीचा विचार करून तो बनवलेला नसतो. म्हणूनच स्वतःची पॉलिसी लागते.

स्वतःची पॉलिसी आणि जुना आजार

भारतातून परदेशी जाणाऱ्यांसाठी 'ओव्हरसीज मेडिक्लेम' सरकारी कंपन्यांनी १९८० च्या दशकातच आणला. त्या काळी साधारण विम्याचा सगळा धंदा न्यू इंडिया, नॅशनल, ओरिएंटल आणि युनायटेड इंडिया या चार कंपन्यांच्या हाती होता. १९९९ च्या कायद्यानंतर खाजगी कंपन्या आल्या आणि आज बाजारात अशा पॉलिसी पुष्कळ आहेत. मोबाईलवर दहा मिनिटांत निघतात. नेमकी तिथेच फसगत होते, कारण दहा मिनिटांत आपण हप्ता पाहतो, अटी पाहत नाही.

साठीच्या पुढच्या माणसासाठी सगळ्यात महत्त्वाची अट पूर्वीच्या आजाराची असते. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार, दमा, मूत्रपिंडाचा विकार, यांपैकी काही प्रवासाआधीपासून असेल तर नेहमीच्या प्रवास विम्यात त्या आजाराचा आणि त्यातून उद्‌भवलेल्या दुखण्याचा खर्च वगळलेला असतो. काही पॉलिसी जीव धोक्यात असेल तेवढ्यापुरते पैसे देतात. रुग्ण स्थिर झाला की त्यांची जबाबदारी संपते. पुढचे ऑपरेशन भारतात जाऊन करा, असे त्या सांगतात. आणि काही पॉलिसी जादा हप्ता घेऊन जुना आजारही ठरावीक रकमेपर्यंत सामावून घेतात.

आता गंमत पाहा. आपल्या सत्तरीतील वडिलांना परदेशात काय होण्याची शक्यता जास्त? सामान हरवण्याची की रक्तदाब वाढण्याची? स्वस्त पॉलिसी सामान हरवल्याचे पैसे देते, पासपोर्ट हरवल्याचे देते, विमानाला उशीर झाल्याचे देते. जे होण्याची खरी भीती आहे नेमके तेच ती वगळते. अशी पॉलिसी व्हिसाच्या फाइलला चालते, पण आजारपणात तिचा आधार होत नाही. व्हिसासाठी घेतलेला विमा एक आणि आजारासाठी घेतलेला विमा दुसरा, हे वाचकांनी पक्के लक्षात ठेवावे.

विमा नियामक प्राधिकरणाने २०२४ मध्ये आरोग्य विम्याचे नियम सैल केले. जुन्या आजारासाठी थांबण्याची मुदत जास्तीत जास्त ३६ महिन्यांवर आणली गेली आणि कंपन्यांनी सर्व वयोगटांसाठी पॉलिसी ठेवाव्यात अशी अपेक्षा धरली. ही बातमी वाचून काहींचा समज झाला की परदेश प्रवासातही जुना आजार आता आपोआप येतो. तसे नाही. ती सवलत देशातील वर्षभराच्या पॉलिसीची आहे. प्रवासाच्या दोन-तीन महिन्यांच्या पॉलिसीत ती गृहीत धरू नये. जे हवे ते लिहून मागावे आणि जादा हप्ता देऊन घ्यावे.

लपवाछपवी अंगाशी येते

हप्ता वाढेल म्हणून प्रस्ताव अर्जावर साखर-रक्तदाब "नाही" असे लिहिण्याची पद्धत सर्रास आहे. कधी मुलगा घाईत लिहितो, कधी एजंटच तसे सुचवतो. "एवढे कोण बघतो?" असे त्याचे म्हणणे. अर्ज घेताना कोणी बघत नाही हे खरे आहे. बघतात ते क्लेम करताना.

इस्पितळात डॉक्टर पहिला प्रश्न विचारतात, आधीपासून काय त्रास आहे? रुग्ण घाबरलेला असतो, तो खरे सांगतो. दहा वर्षे साखर आहे, सकाळ-संध्याकाळ गोळी घेतो. डॉक्टर ते केसपेपरवर लिहितात. तोच केसपेपर विमा कंपनीकडे जातो. अर्जावर "नाही" आणि केसपेपरवर "दहा वर्षे". मग कंपनी हात वर करते आणि कायदा तिच्या बाजूने उभा राहतो. विम्याचा करार विश्वासावर चालतो आणि आपली प्रकृती आपल्यालाच ठाऊक असते, म्हणून खरे सांगण्याची जबाबदारी आपली. हजार-दोन हजार रुपये वाचवण्यासाठी लाखोंचा आधार गमावणे हा तोट्याचा सौदा आहे. व्यवहार म्हणून पाहिले तरी येथे खरे बोलणेच स्वस्त पडते.

घरातील अम्मींचा विचार येथे मुद्दाम करावा लागेल. निवृत्त वडिलांची तपासणी निदान नोकरीमुळे होत आलेली असते, कागद असतात. अम्मीला चक्कर येते, ती शेजारणीने सांगितलेली गोळी "कधीतरी" घेते आणि तिचा आजार कुठेच नोंदलेला नसतो. सुनेच्या बाळंतपणासाठी परदेशी मात्र बहुधा तिलाच बोलावतात. जाण्याआधी तिची तपासणी झालीच पाहिजे आणि तिच्या नावाने स्वतंत्र पॉलिसी निघालीच पाहिजे.

छापलेला आकडा आणि हातात पडणारा पैसा

पॉलिसीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेले असते, ५० हजार डॉलर. त्याखालच्या बारीक अक्षरांत दोन गोष्टी दडलेल्या असतात.

एक म्हणजे 'डिडक्टिबल', अर्थात प्रत्येक क्लेममध्ये पहिली ठरावीक रक्कम आपण सोसायची. समजा ती १०० डॉलर आहे. ताप-खोकल्याचे बिल ८० डॉलर झाले तर कंपनी काहीच देणार नाही. बिल ९०० झाले तर ८०० देईल. किरकोळ दुखण्यासाठी हा विमा नाही, हे यातून समजावे.

दुसरी गोष्ट अंतर्गत मर्यादांची. अनेक पॉलिसींत साठी ओलांडलेल्या प्रवाशांसाठी खोलीचे भाडे, अतिदक्षता विभाग, शस्त्रक्रिया, डॉक्टरची फी अशा एकेका बाबीला वेगळी मर्यादा असते. समजा खोलीची मर्यादा दिवसाला १,५०० डॉलर आहे आणि इस्पितळाने ३,००० लावले. चार दिवसांत ६,००० डॉलर तुमच्या खिशातून जातील, मग वर ५० हजार लिहिलेले असो की ५ लाख. म्हणून दोन पॉलिसींची तुलना करताना हप्ता आणि वरचा आकडा एवढेच पाहू नये. एजंटला तीन प्रश्न विचारावेत. वयामुळे अंतर्गत मर्यादा आहेत का? जुन्या आजारासाठी किती रक्कम आहे? पहिली किती रक्कम आम्ही सोसायची? उत्तरे तोंडी घेऊ नयेत, पॉलिसीतील ओळ दाखवायला सांगावी.

एका उदाहरणाने हे सगळे एकत्र पाहू. उदाहरण कल्पित आहे, पण अशी घरे अनेक आहेत. खर्डीचे एक गृहस्थ, वय ६८, रेल्वेतून निवृत्त, बारा वर्षांचा मधुमेह. बायको ६२ वर्षांची, तिला रक्तदाब. दोघे पंधरा दिवस उमऱ्याला आणि तेथून अडीच महिने मुलाकडे दुबईला जाणार. रेल्वेचे कार्ड दोन्हीकडे निरुपयोगी. आयुष्मानचे वय झालेले नाही, झाले असते तरी उपयोग नव्हता. उमऱ्याच्या पंधरा दिवसांत तातडीसाठी व्हिसाचा विमा आहे. दुबईच्या अडीच महिन्यांत मुलाने काय केले आहे त्यावर सगळे अवलंबून. अशा जोडप्याने घर सोडल्यापासून परत येईपर्यंतच्या पूर्ण तीन महिन्यांची, दोन्ही देशांना लागू होणारी, मधुमेह आणि रक्तदाब लिहून दिलेली आणि त्यांचा समावेश असलेली पॉलिसी घ्यावी. अमेरिका-कॅनडा वगळून असलेली पॉलिसी त्यांना पुरेल आणि ती स्वस्तही पडते. हप्ता साध्या पॉलिसीपेक्षा जास्त असेल. परवडत नसेल तर अडीच महिन्यांचे दीड महिने करावेत. मुक्काम कमी केलेला बरा, पण विम्याशिवाय राहू नये.

ब्रिटन, युरोप, अमेरिका, कॅनडा

ब्रिटनमध्ये सरकारी इस्पितळ फुकट आहे, हा समज आपल्याकडे घट्ट आहे. ते तिथे राहणाऱ्यांसाठी. पाहुण्याला अपघात विभागात तपासणी आणि प्राथमिक उपचार मोफत मिळतात, पण इस्पितळात दाखल करून घेतले की ठरलेल्या दराच्या दीडपट बिल लागते. ज्या उपचाराचा दर ४ हजार पौंड, त्याचे पाहुण्याला ६ हजार. ५०० पौंड किंवा त्याहून जास्त बिल थकले तर पुढचा व्हिसा नाकारला जाऊ शकतो. म्हणजे नातवंडांना पुन्हा भेटण्याची वाटही त्या बिलावर अडते.

युरोपातील शेंगेन देशांनी २००४ पासून व्हिसासाठी किमान ३० हजार युरोंचा विमा सक्तीचा केला आहे. कॅनडात आई-वडील, आजी-आजोबांना दीर्घ मुक्कामाचा 'सुपर व्हिसा' २०११ पासून मिळतो. त्याला किमान १ लाख कॅनेडियन डॉलरचा, निदान एका वर्षाचा विमा लागतो. अमेरिकेने पाहुण्यांना विम्याची सक्ती केलेली नाही, आणि जगात उपचार सगळ्यात महाग तिथेच आहेत. तेथील १९८६ च्या कायद्याने तातडीच्या रुग्णाला तपासून स्थिर करणे इस्पितळांना भाग आहे. पण बिल माफ करणे भाग नाही. सक्ती नाही म्हणून गरज नाही, असा अर्थ तिथे जाणाऱ्याने काढू नये.

निघण्यापूर्वी आणि आजारी पडल्यावर

प्रवास विमा भारत सोडण्यापूर्वी घ्यायचा असतो. विमानतळावर आठवण झाली तर हाताला लागेल ती पॉलिसी घ्यावी लागते. विशिष्ट वयानंतर काही कंपन्या ईसीजी, रक्त, लघवीची तपासणी मागतात. खर्डी-कसाऱ्याच्या माणसाला त्यासाठी शहापूर किंवा कल्याण गाठावे लागते, मुरबाडकरांनाही कल्याणच. दोन-तीन खेपा होतात. तेव्हा निदान महिनाभर आधी कामाला लागावे.

डॉक्टरकडून एका कागदावर आजारांची नावे, औषधांची नावे आणि मात्रा इंग्रजीत लिहून घ्याव्यात. औषधे पूर्ण मुक्कामाला पुरतील इतकी, मूळ पाकिटात आणि चिठ्ठीसह न्यावीत. आखाती देशांत काही वेदनाशामक आणि झोपेच्या औषधांवर कडक निर्बंध आहेत. आपल्याकडे सहज मिळणारी गोळी तिथल्या विमानतळावर अडचणीत आणू शकते. ती गोळी चालते का, हे मुलाने आधी तपासावे.

पॉलिसीवर मदत केंद्राचा फोन नंबर असतो. तो मुलाच्या, सुनेच्या आणि स्वतःच्या मोबाईलमध्ये घालावा. इस्पितळात दाखल होण्याची वेळ आली तर ताबडतोब, आणि शक्य असेल तर आधीच, त्या नंबरवर कळवावे. कॅशलेसची सोय त्यांच्या संमतीनेच होते. उशिरा कळवल्यामुळे क्लेम अडतात. बाहेरून बाहेर घेतलेल्या उपचारांचे पैसे आधी आपण भरायचे आणि भारतात परतून मागायचे. त्यासाठी मूळ बिले, पावत्या, डॉक्टरांचे अहवाल, पासपोर्टवरील शिक्क्यांच्या प्रती आणि विमानाचे बोर्डिंग पास जपून ठेवावे लागतात. मुक्काम वाढवला तर पॉलिसीची मुदत संपण्याच्या आत ती वाढवून घ्यावी. तिकीट पुढे ढकलणे सर्वांच्या लक्षात राहते, पॉलिसी राहत नाही.

एक अप्रिय बाब राहिली. परदेशात मृत्यू झाला तर मय्यत मायदेशी आणण्याचा किंवा तिथेच दफन करण्याचा खर्च अनेक पॉलिसींत असतो. घरच्यांची इच्छा काय, हे आधीच बोलून ठेवावे, म्हणजे त्या घडीला मुलावर एकट्याने निर्णयाचा भार पडत नाही. अडचणीतील भारतीयांसाठी दूतावासांत २००९ पासून कल्याण निधी आहे, पण तो खरोखर निराधारांसाठी, परिस्थिती पाहून दिला जातो. त्याला विम्याचा पर्याय समजू नये.

टूरवाल्यांना आणि एजंटांना

आमच्या वाचकांत उमरा टूरचा आणि तिकिटांचा धंदा करणारे बरेच आहेत. त्यांना आमची विनंती आहे. "विमा सहित" असे जाहिरातीत छापता, तेव्हा कोणता विमा, किती रकमेचा, किती दिवसांचा आणि जुना आजार त्यात आहे की नाही, हे मराठीत-उर्दूत एका पानावर लिहून ग्राहकाच्या हाती द्या. गावातील म्हातारा माणूस पॉलिसी वाचत नाही, तो तुमच्या शब्दावर पैसे भरतो. एका पानाचा खर्च नगण्य आहे. पण परदेशात क्लेम नाकारला गेला की गावात नाव तुमचे जाते, कंपनीचे नाही.

क्लेम नाकारला तर

आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी कळवावे. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. तिथे फी नाही, वकील लागत नाही. नकार मिळाल्यापासून एका वर्षाच्या आत तक्रार करावी लागते. २०२३ पासून लोकपाल ५० लाख रुपयांपर्यंतचे तंटे ऐकू शकतात. विमा प्राधिकरणाचा १५५२५५ हा टोल-फ्री क्रमांकही तक्रारीसाठी आहे. ग्राहक आयोगाचा मार्ग वेगळा खुला असतोच. पण या सगळ्या ठिकाणी पहिला कागद पाहिला जातो तो तुमचा प्रस्ताव अर्ज. तो खरा असेल तर पुढे लढता येते.

विमा घ्यावा की नाही याबद्दल आपल्या समाजात काहींच्या मनात शंका असते. त्यावर निर्णय देणे हे उलेमांचे काम, व्यापाराच्या पानाचे नाही. आम्ही एवढेच नोंदवतो की सौदी अरेबियाने आपली आरोग्य विम्याची व्यवस्था १९९९ च्या कायद्याने सहकारी तत्त्वावर उभी केली आहे आणि व्हिसासोबतचा विमा तर प्रवाशाला टाळताही येत नाही. ज्यांना शंका आहे त्यांनी जाणकारांना विचारावे, आणि पॉलिसी घ्यायची नाही असे ठरले तर आजारपणाची रक्कम वेगळी काढून ठेवावी. पॉलिसीही नाही आणि रक्कमही नाही, अशा स्थितीत सत्तरीतील माणसाने विमानात बसणे शहाणपणाचे नाही.

मुलांना शेवटी एक सांगणे. आई-वडिलांचे तिकीट काढताना तुम्ही चार वेबसाइट पाहता आणि हजार रुपये वाचवता. विमा काढताना तेवढाच वेळ द्या. अब्बांना कोणती गोळी चालू आहे, अम्मीचा रक्तदाब किती असतो, हे अर्ज भरण्यापूर्वी घरी फोन करून विचारा आणि जे सांगतील तेच लिहा. त्यांच्या पेन्शनमधून परदेशातील एका रात्रीचेही बिल निघणार नाही, आणि ते बिल मुलावर पडले ही टोचणी त्यांना गावी परतल्यावरही सोडणार नाही.